सातबाऱ्यावर नावे चार, ॲपमध्ये दिसते एकच! 'टाइप एरर' म्हणजे काय? समजून घ्या

समजा, तळवलीतील जुने सातबारे दाखवणारे ॲप कुणी तयार केले. उताऱ्यावर चार भावंडांची नावे आहेत, ॲप मात्र एकच दाखवते. नवी मुंबईच्या मूळ गावांत साडेबारा टक्के योजनेच्या भूखंडासाठी वारसांची नावे महत्त्वाची. मग उरलेली तीन नावे गेली कुठे?

घोळ कुठे होतो?

कोणत्या रकान्यात अंक, कुठे मजकूर, कुठे यादी, हे ठरवणारा माहितीचा साचा म्हणजे स्कीमा. अनेकदा एखादी नमुना नोंद पाहून टूलच तो तयार करते. नमुना अपुरा असला की साचा चुकतो.

• भूमापन क्रमांक : नमुन्यात '४५' असेल तर टूल त्याला अंक समजते. पुढे '४५/२' आला की एरर.

• क्षेत्र : '०.४०.५०' म्हणजे ४० आर, ५० चौरस मीटर. दोन टिंबांमुळे तो अंकाच्या साच्यात बसत नाही.

• एसटीडी कोड : '०२२' अंक मानला तर '२२' उरतो, एररही येत नाही.

• खातेदार : नमुन्यात एकच नाव असेल तर टूल 'एक खातेदार' असा साचा करते. चार आले की एरर.

एकात एक नाती

सातबारा एका जमिनीचे सर्व खातेदार दाखवतो, तर आठ-अ त्या गावात एका खात्यावर असलेल्या सर्व जमिनी. जमिनीत खातेदार, खातेदारात जमिनी असे भरत गेल्यास साखळी संपतच नाही. म्हणून आत पूर्ण नोंद न ठेवता फक्त खाते क्रमांक ठेवावा.

दुरुस्ती कशी?

१. एररमधील पूर्ण मार्ग वाचा. चूक 'हिस्सा' रकान्यात दिसली, तरी मूळ त्यावरच्या 'खातेदार'मध्ये असू शकते.

२. एक खातेदार, अनेक खातेदार आणि रिकामा रकाना, असे तिन्ही नमुने तपासा.

३. टूलने बनवलेली फाइल हाताने बदलू नका. पुढच्या वेळी बदल पुसला जाईल. मूळ स्कीमा सुधारून फाइल पुन्हा तयार करा.

४. टाइपस्क्रिप्टमध्ये 'एनी' लिहून किंवा यादीतले पहिलेच नाव घेऊन एरर गप्प करू नका. नावे गळतात ती इथेच.

५. टाइपस्क्रिप्टचे टाइप ॲप चालताना उरत नाहीत. त्यामुळे बाहेरून आलेली माहिती आत घेतानाच तपासा.

तुम्ही काय कराल?

खासगी ॲपवर नावे कमी दिसली तर घाबरू नका. महसूल विभागाच्या डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याशी ती ताडून पाहा. ग्राह्य धरला जातो तो उतारा, ॲपचा स्क्रीनशॉट नव्हे.