मोठ्या ऑडिट फर्मने नाही म्हटलं? पुन्हा अर्ज करता येतो, तोही फुकट

हर्णे (ता. दापोली) : गेल्या वर्षी बंदरावर संध्याकाळचा लिलाव चालू असताना पुतणीचा फोन आला. "काका, रिजेक्ट केलं." एवढंच बोलली. सीए इंटरचे दोन्ही ग्रुप पास झालेली पोरगी. मुंबईच्या एका मोठ्या फर्ममध्ये आर्टिकलशिपसाठी अर्ज केला होता, ऑनलाइन टेस्ट दिली होती. उत्तर काय, तर इंग्रजीत दोन ओळींचा मेल. घरात सगळ्यांनी धरलं, विषय संपला.

चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर मेसेज आला. 'रिजेक्ट झालेला अर्ज परत लावून देतो, प्रोसेसिंग फी पंधरा हजार.' नोकरीच्या कुठल्याशा ग्रुपवर तिने बायोडाटा टाकला होता, तिथून नंबर गेला असणार. भाऊ पैसे भरायला निघालाच होता. तेव्हा मी दापोलीच्या ओळखीच्या सीएंकडे जाऊन बसलो आणि सगळं नीट विचारून घेतलं. आपल्याकडे कॉमर्सला जाणारी पोरं बरीच आहेत, म्हणून इथे लिहितोय.

आधी या फर्म कोणत्या ते बघू. जगात चार सर्वांत मोठ्या मानतात : डेलॉइट, पीडब्ल्यूसी, ईवाय आणि केपीएमजी. आधी पाच होत्या. पाचवी आर्थर अँडरसन. एन्रॉनचं नाव आपल्याला सांगायला नको, दाभोळ खाडीपलीकडे अंजनवेलला वीजप्रकल्प आणला तीच कंपनी. तिचे हिशोब तपासायला अँडरसन होती. एन्रॉन बुडाली आणि 2002 साली अँडरसनचाही कारभार आटोपला. राहिल्या चार.

आपल्या देशात कंपन्यांच्या ऑडिटवर सही या परदेशी नावाने होत नाही, त्यांच्याशी जोडलेल्या इथल्या फर्मच्या नावाने होते. केपीएमजीकडची बीएसआर, ईवायकडची एस. आर. बाटलीबॉय. त्यामुळे मेल दुसऱ्याच नावाने आला तर लगेच घाबरू नका, पण लगेच विश्वासही टाकू नका. आयसीएआयच्या, म्हणजे सीएंच्या संस्थेच्या, वेबसाइटवर फर्मचं नाव तपासता येतं.

आता मुद्द्याचं. नकार येतो तो त्या जागेसाठी आणि त्या वेळेपुरता. तुमचं नाव कायमचं काळ्या यादीत जात नाही. मात्र बऱ्याच मोठ्या कंपन्यांत एकदा नाही म्हटल्यावर काही महिने थांबावं लागतं. त्याला ते कूलिंग पिरियड म्हणतात. आपल्या भाषेत पावसाळी बंदी समजा. फरक एवढाच की आपली बंदी 1 जून ते 31 जुलै ठरलेली, आणि त्यांची प्रत्येक फर्मची वेगळी. मेलमध्ये लिहिलेली नसेल तर त्याच मेलला उत्तर देऊन विचारायचं, 'मला परत कधी अर्ज करता येईल?' विचारण्यात कमीपणा नाही.

त्या काळात जाळी विणायची, हे हर्णेकरांना मी काय सांगणार! पण कुठलं जाळं फाटलं ते आधी बघायला हवं. बायोडाटावरच अडला की टेस्टमध्ये की मुलाखतीत? बायोडाटावर अडला तर मार्क, किती प्रयत्नांत पास झालात आणि कुठल्या शहरासाठी अर्ज केला, हे तपासा. टेस्टमध्ये अडला तर गणित, तर्क आणि इंग्रजीचा सराव. मुलाखतीत अडला तर बहुतेक वेळा बोलण्याची सवय नसते. आमच्या पोरीचं तेच झालं असतं, ती घरात काकाशीसुद्धा चार वाक्यं बोलत नाही! पण ती टेस्टवरच अडली.

परत अर्ज करताना मेल आयडी जुनाच ठेवा. नवीन आयडी काढून नवा माणूस असल्यासारखा अर्ज केला तर पकडला जातो, आणि मग खरोखरच शंका घेतात. फॉर्मवर 'यापूर्वी अर्ज केला होता का' असं विचारलं असेल तर सरळ 'हो' लिहा. मुलाखतीत पुढचा प्रश्न ठरलेला असतो : मग आता काय बदललं? याला 'मी खूप मेहनत घेतली' हे उत्तर नव्हे. कुठल्या सोसायटीचं ऑडिट केलं, किती जीएसटी रिटर्न भरले, टॅलीवर काय काम केलं, ते सांगायचं. आपल्याकडची मच्छीमार सोसायटी, तिच्या डिझेल परताव्याचे कागद, पतसंस्थेचं कर्जखातं, हे सगळं खरं ऑडिटचं काम आहे. मुंबईच्या पोराने कदाचित ते बघितलेलंही नसेल.

ओळखीतलं कोणी त्या फर्ममध्ये असेल तर ते आतून नाव सुचवू शकतात, त्याला रेफरल म्हणतात. मुंबईत आपल्या गावांची मंडळं आहेत, तिथे विचारा. पण रेफरल म्हणजे नोकरी नव्हे, फक्त बायोडाटा कोणीतरी उघडून बघतो. आणि त्याला पैसे लागत नाहीत.

सर्वांत मोठी चूक म्हणजे दुसऱ्या अर्जाची वाट बघत घरी बसणं. जुलै 2023 पासूनच्या नव्या नियमात इंटरचे दोन्ही ग्रुप आणि संस्थेचं आयसीआयटीएसएस ट्रेनिंग पूर्ण झाल्यावर दोन वर्षांची आर्टिकलशिप असते, आधी ती तीन वर्षांची होती. फर्ममध्ये नोंदणी होईपर्यंत ही दोन वर्षं मोजायला सुरुवातच होत नाही. तुम्ही सहा महिने थांबलात तर फायनलची परीक्षा तेवढी पुढे गेली. दापोली, खेड, चिपळूणच्या सीएंकडे जागा मिळत असेल तर माझ्या मते घ्यावी. मात्र मध्येच फर्म बदलायला संस्थेच्या अटी आहेत, म्हणून सही करण्याआधी त्या वाचा. रत्नागिरीत संस्थेची शाखा आहे, तिथे विचारता येईल.

फायनल पास झाल्यावर संस्था स्वतः कॅम्पस प्लेसमेंट घेते. तिथे मोठ्या फर्मही येतात. आर्टिकलशिपला नाही म्हणणारी फर्म तेव्हा घेऊ शकते.

राहिले पैसे. या चारही फर्मनी आपापल्या वेबसाइटवर लिहून ठेवलंय की नोकरीसाठी आम्ही पैसे घेत नाही. रजिस्ट्रेशन, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंग फी, कुठल्याही नावाने मागितले तरी तो फसवणारा. पैसे गेलेच तर ताबडतोब 1930 वर फोन करा, जितका उशीर तितके पैसे परत मिळणं अवघड. तक्रार सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी वेबसाइटवरही करता येते.

पुतणी आता दापोलीत एका सीएंकडे आहे. ऑडिटच्या दिवसांत शेवटच्या एसटीने घरी येते आणि जेवताना पतसंस्थेच्या थकबाकीवर बोलते, चारपेक्षा जास्त वाक्यं. मेलला तिने उत्तर पाठवून तारीख विचारून घेतली, ती कॅलेंडरवर लिहून ठेवलीय. परवा त्या पंधरा हजारवाल्याचा परत मेसेज आला, आता दहा हजारात करून देतो म्हणे. भावाने स्वतःच नंबर ब्लॉक केला.