टेबलावरची लढाई

दिवाळीच्या किल्ल्यावर मावळे मांडणं हे आपल्याकडे मुलांचं काम. युरोपात मात्र चांगली कर्तीसवरती माणसं बोटाएवढे शिपाई जमवतात, बारीक कुंचल्यानं रंगवतात आणि एखादी जुनी लढाई टेबलावर पुन्हा खेळतात. 'पोरखेळच की!' असं पटकन म्हणू नका हं. एच. जी. वेल्ससारख्या नामवंत इंग्रजी लेखकानं १९१३ साली अशा खेळावर पुस्तक लिहिलं होतं.

ल्युट्झेनची लढाईच घ्या ना. तारीख १६ नोव्हेंबर १६३२, ठिकाण जर्मनीतल्या लाइपझिगजवळचं. एकीकडे स्वीडनचा राजा गस्टाव्हस अडॉल्फस, दुसरीकडे सम्राटाचा सेनापती वॉलेनस्टाइन. टेबलावर हिरवं कापड अंथरायचं, रस्ता नि खंदक आखायचे, पलटणी मांडायच्या. राजाकडे सुमारे १९,००० माणसं होती. एक बाहुला पन्नास शिपायांचा मानला तरी त्याच्याच बाजूला ३८० बाहुले! कोण किती सरकला ते टेपनं मोजायचं, गोळी लागली की नाही ते फासे सांगणार.

खरी गंमत धुक्याची. त्या सकाळी दाट धुकं पडलं आणि राजाचा हल्ला लांबला. तेवढ्यात वॉलेनस्टाइननं परत बोलावलेला सरदार पापेनहाइम घोडेस्वार घेऊन येऊन पोचला. खेळात धुक्याचाही नियम करता येतो. अमुक इंचांपलीकडचा शत्रू दिसतच नाही, असं धरायचं. फाशावर धुकं लवकर निवळलं, तर सगळा डावच पालटतो! शाळेत सनावळ्या घोकणाऱ्या मुलांना 'असं झालं असतं तर?' हा प्रश्न इथं आपोआप सुचतो. शिकवणारी बाई म्हणून मला याचं फार मोल वाटतं.

पण आई म्हणून आणखीही काही वाटतं. टेबलावर राजा पडला, तर त्याला उचलून डब्यात ठेवता येतं. खरा राजा त्या गोंधळात आपल्या माणसांपासून चुकला आणि मारला गेला. मैदान स्वीडिश फौजेनं मारलं, पण मागं राहिली राणी मारिया एलिओनोरा आणि सहा वर्षंही पुरी न झालेली क्रिस्टिना. राणी त्याचा देह पुरू देईना. दफन झालं ते जून १६३४ मध्ये. आणि साधे शिपाई? २०११ साली त्या रणभूमीवर एकाच खड्ड्यात ४७ सांगाडे सापडले.

तेव्हा मुलांनी असा खेळ मांडला तर जरूर मांडू द्या. फक्त डबा बंद करताना एवढंच विचारा, 'आज आडवे झालेले बाहुले किती, आणि त्यांना पन्नासनं गुणलं तर माणसं किती?'