ला रोशेलच्या बंदराचे बुरूज

फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावर ला रोशेल या शहराचे जुने बंदर एका चिंचोळ्या तोंडाने समुद्राला मिळते. तोंडाच्या एका अंगाला सँ-निकोला बुरूज, समोर साखळी बुरूज. या दोहोंमध्ये लोखंडी साखळी ताणली, की बंदर बंद. साखळी ओढण्याची सोय साखळी बुरुजात होती आणि तिथला नायक ये-जा करणाऱ्या गलबतांकडून जकातही वसूल करी. मीठ आणि वाइनच्या व्यापारावर हे शहर गब्बर झाले होते. एवढी राखण त्या कमाईसाठीच होती.

सँ-निकोलाचे बांधकाम १३४५ ते १३७६ असे चालले. त्या काळात शहराने दोनदा राजा बदलला: १३६० च्या तहाने ते इंग्लंडकडे गेले, १३७२ मध्ये फ्रान्सकडे परतले. जागा गाळाची, म्हणून ओकचे लांब खुंट चिखलात ठोकून त्यावर पाया रचला. तरीही तो खचला आणि बुरूज कलला. तो कल आजही तसाच आहे. इतक्या पोचट जमिनीवर ४२ मीटर उंचीचे दगडी काम साडेसहाशे वर्षे तग धरून राहावे, ही त्या गवंड्यांची कमालच. आत भिंतींच्या जाडीत जिने आणि बोळ असे काही गुंफले आहेत, की नवखा माणूस हमखास चुकतो. या बुरुजाचा नायक सहकुटुंब इथेच राहत असे.

१६२७-२८ मध्ये फ्रान्सच्या राजाच्या फौजेने शहराला वेढा घातला, तेव्हा त्याचा मंत्री कार्डिनल रिशल्यूने या बुरुजांशी झुंज घेतलीच नाही. त्याने खाडीतच सुमारे दीड किलोमीटरचा बांध घालून बंदराची वाट बाहेरून अडवली. उपासमारीने शहर शरण आले. तटबंदी पाडली गेली, समुद्राकडचे बुरूज मात्र राखले. पुढे १६५१ च्या बंडाळीत दारूगोळ्याचा स्फोट होऊन साखळी बुरुजाचे छप्पर उडाले आणि विसाव्या शतकापर्यंत तो उघडाच राहिला.

तटाच्या कडेने थोडे पुढे गेले, की १४६८ मध्ये पुरा झालेला दीपबुरूज लागतो. तो खलाशांना वाट दाखवी. नंतर त्याचा तुरुंग झाला. सहाशेहून अधिक कोरीव खुणा कैद्यांनी भिंतींवर सोडल्या आहेत. त्यांत इंग्रज, डच, स्पॅनिश दर्यावर्दी होते. नावे आणि तारखा आहेतच, पण पाहणाऱ्याने थांबावे ते जहाजांपाशी: डोलकाठ्या, शिडे, दोरखंड, सारे मऊ दगडात बारकाईने कोरलेले.