जानेवारीतला कोंबडा आणि शेजारची टेस

न्यूनेनला पाहुणे आले की त्यांना काय दाखवायचं, हा प्रश्न आम्हाला कधी पडत नाही. व्हिन्सेंट व्हॅन गॉग १८८३च्या डिसेंबरपासून १८८५च्या नोव्हेंबरपर्यंत या गावात राहिला आणि 'बटाटे खाणारे' हे त्याचं चित्र इथेच जन्मलं. एवढ्या भांडवलावर गावाचं अजून उत्तम चाललं आहे. पाहुणे पुतळा बघतात, पाणचक्कीपाशी फोटो काढतात आणि संध्याकाळी आमच्याकडे पिठलं-भात खाऊन आइंडहोवनच्या गाडीला लागतात. पण व्हॅन गॉगनं इथे पक्ष्यांची घरटीही रंगवली आहेत, हे फारसं कोणी लक्षात ठेवत नाही. आणि जानेवारीत इथे कोणी पाहुणे येत नाहीत. त्यामुळे खेर्वेनच्या बाजूची शेतं, मक्याची गोठलेली धसकटं, शेताकडेचे चर आणि त्यांत लपलेला फझांत हे सगळं आमच्यासारख्या इथे राहणाऱ्यांच्याच वाट्याला येतं.

फझांत म्हणजे इंग्रजीतला फेझंट. आपल्या सह्याद्रीतल्या रानकोंबड्याचा आणि मोराचा हा भाऊबंद. नर तांबूस सोनेरी, डोकं हिरवं, डोळ्याभोवती लाल कातडी, मानेत बहुधा पांढरी पट्टी आणि शेपूट हातभर लांब. मादी मात्र मातीच्या रंगाची. पायाशी बसली तरी दिसायची नाही. काळ्या समुद्राच्या पूर्वेला पूर्वी कोल्खिस नावाचा प्रदेश होता, त्यावरून याचं शास्त्रीय नाव पडलं. पश्चिम युरोपात तो आपल्या पायांनी आलेला नाही, माणसानं आणला. म्हणजे तोही आपल्यासारखाच बाहेरचा! फरक एवढाच, की तो कित्येक शतकं आधी आला आणि त्याला डच भाषेची परीक्षा द्यावी लागली नाही.

या फझांताशी आमची ओळख झाली ती शेजारच्या ओपांमुळे. ओपा म्हणजे डच भाषेत आजोबा. आमच्या लेकीनं लहानपणी त्यांना ओपा म्हणायला सुरुवात केली आणि मग आम्हीही म्हणू लागलो. ते सत्तरी ओलांडलेले, जुने शिकारी. त्यांची कुत्री टेस ही ड्रेन्टसे पत्रैसहोन्ड जातीची: पांढऱ्या अंगावर तपकिरी ठिगळं, लोंबते कान आणि अत्यंत विचारी चेहरा. ही जात नेदरलँड्सच्या ड्रेन्टे प्रांतातली. इथल्या श्वानसंस्थेनं तिला १९४३ साली मान्यता दिली. पत्रैस म्हणजे तित्तर. गंमत अशी, की ज्याच्यावरून या कुत्र्याचं नाव पडलं तो तित्तर इथे आता इतका कमी झाला आहे की त्याची शिकार होतच नाही. नाव तित्तराचं आणि काम फझांताचं, असा सगळा मामला.

ओपांच्या गुडघ्याचं दुखणं वाढल्यापासून टेसला फिरवून आणायचं काम आमच्या चौदा वर्षांच्या लेकीकडे आलं. सुरुवातीला ते आम्हाला फार बरं वाटलं. मुलगी घराबाहेर पडते, मोकळ्या हवेत जाते, आणखी काय हवं? पण नोव्हेंबरात एकदा ती घरी आली आणि म्हणाली, "टेस आज चालता चालता एकदम दगडासारखी उभी राहिली. एक पाय वर, शेपूट सरळ, नाक जाळीकडे. मी ओढलं तरी हलली नाही." ओपांना सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. याला डच शिकारी 'फोरस्तान' म्हणतात. कुत्र्याला पक्ष्याचा वास लागला, की त्यानं झडप न घालता जागच्या जागी थिजायचं आणि धन्याची वाट पाहायची. लेकीनं त्याच दिवशी ठरवलं, की हिचं खरं काम आपण बघायचंच. आणि आमच्या घरात वादाला तोंड फुटलं.

वाद साधा नव्हता, कारण तेव्हा आमच्याकडे आई राहायला आल्या होत्या. (आई म्हणजे आमच्यापैकी एकाच्या आई आणि दुसऱ्याच्या सासूबाई. कोणाच्या कोण, ते वाचकांनी ओळखावं.) आई सांगली जिल्ह्यातल्या, गळ्यात तुळशीची माळ. "जित्राब मारायचं ते मारायचं, आन् ते बघायला लेकराला कशापायी न्यायचं?" हा त्यांचा सवाल. आमच्याकडेही त्याला ठाम उत्तर नव्हतं. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा शब्द जुन्या गोष्टींत किंवा गुन्ह्याच्या बातमीतच भेटतो. आमच्या पिढीनं रान वाचलं ते माडगूळकरांच्या आणि चितमपल्लींच्या पुस्तकांत. शेजारी बंदूक घेऊन सकाळी बाहेर पडतो आणि संध्याकाळी हात धुऊन चहाला येतो, हे पचायला आम्हाला वेळ लागला.

म्हणून आधी नियम समजून घेतले. इथे कोणीही उठून शिकारीला जाऊ शकत नाही. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते आणि पोलिसांकडून परवाना घ्यावा लागतो. बंदुकीनं शिकार करायची तर निदान ४० हेक्टर सलग रान लागतं. रविवारी बंद, सूर्यास्तानंतर बंद. शिशाच्या छर्‍यांवर १९९३पासून बंदी आहे, म्हणून पोलादी छर्रे वापरतात. इंग्लंडात दरवर्षी कोट्यवधी फझांत पाळून रानात सोडतात, तसं इथे करायला मनाई आहे. रानात जे वाढतील तेवढेच, आणि तेही पूर्वीच्या मानानं बरेच कमी. मादी १५ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर एवढ्याच काळात मारता येते. नराची मुदत मात्र ३१ जानेवारीपर्यंत असते. कारण एका नराभोवती अनेक माद्या असतात. चार नर कमी झाले तरी वसंतात अंडी घालायला माद्या उरतात. ओपा तर डिसेंबरातही मादीवर बार टाकत नाहीत. कडक थंडीनं गळून गेलेल्या किंवा बर्फाला पडलेल्या भोकापाशी पाण्यासाठी आलेल्या पक्ष्यावर बंदूक उचलायची नाही, हा तर कायदाच आहे. हवा फारच वाईट झाली तर प्रांतिक सरकार शिकार बंदही करू शकतं.

हे सगळं आईंना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आमच्या गावाकडं पारधी फासं लावून तितूर धरायचं. त्यांची पोरंसुद्धा नुस्त्या आवाजावरनं सांगायची, पाखरू कुठल्या बांधाला हाय. पन गावात कुठं चोरी झाली की पैली धाड त्यांच्याच पालावर." आम्ही गप्प झालो. इंग्रजांच्या १८७१च्या कायद्यानं पुढे अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का मारला, त्यांत पारधी आले. १९५२ साली तो कायदा गेला, पण संशय गेला नाही. आणि १९७२नंतर त्यांचं ज्ञानच बेकायदा ठरलं. ओपांच्या खिशात परवाना आहे, रानात त्यांचा मान आहे आणि गावच्या शेतकऱ्यांशी त्यांची दोस्ती आहे. तेच कसब, पण एकाला त्याचं बिरुद मिळालं आणि दुसऱ्याला बेडी. पक्षी वाचले पाहिजेत याबद्दल आमचं दुमत नाही. पण आईंचं म्हणणं आम्हाला खोडता आलं नाही.

शेवटी आमच्यापैकी एकानं सोबत जायचं, या अटीवर लेकीला परवानगी मिळाली. जानेवारीतला शेवटचा शनिवार. उणे चार अंश, बर्फ नाही, पण धसकटांवर दहिवर गोठून सगळं रान पांढरं. आम्हाला वाटलं, सूर्य उगवल्या उगवल्या निघायचं. ओपा म्हणाले, घाई नको. कोरड्या कडाक्यात वास जमिनीला चिकटून राहतो, कुत्र्याच्या नाकापर्यंत चढत नाही. ऊन येऊन दहिवर जरासं ओलं झालं की वास उठतो. थंडीचा एक फायदा असा, की कुत्रं धापा टाकत नाही. तोंड उघडं टाकून श्वास घेणाऱ्या कुत्र्याला वास नीट येत नाही. मिटलेल्या तोंडाचं कुत्रं नाकानं काम करतं. तोवर त्यांनी टेसचे पंजे तपासले, बोटांमधले केस कापले. तिथे बर्फाच्या गोळ्या धरतात आणि कुत्रं लंगडायला लागतं. सकाळी तिला खायला अगदी थोडंसं. भरल्या पोटी धावलं तर जठराला पीळ पडून जीव जाऊ शकतो.

आपल्याकडचं कारवान कुत्रं ज्यांनी पाहिलं असेल त्यांना ही तऱ्हा वेगळी वाटेल. कारवान डोळ्यानं शिकार करतं: ससा दिसला की बाण सुटल्यासारखं सुटतं आणि मालक मागेच राहतो. टेस नाकानं शिकार करते आणि दर थोड्या वेळानं वळून ओपा कुठे आहेत ते बघते. बंदुकीच्या टप्प्याबाहेर ती जातच नाही.

जानेवारीतला नर हा ऑक्टोबरातला राहिलेला नसतो, हे त्या दिवशी कळलं. भोळे होते ते संपले. उरलेले सगळे बेरकी. गाडीचं दार आपटलं, कोणी मोठ्यानं बोललं, की ते उडत नाहीत, पळतात. म्हणून दारं लोटायची, बोलायचं नाही आणि वाऱ्याला तोंड करून चालायचं. एका चराच्या दुसऱ्या टोकाला ओपांचे मित्र आधीच जाऊन उभे राहिले. इकडून टेस शिरली. बोरूच्या दाटीपाशी ती थिजली. आम्ही श्वास रोखला. काही नाही! कोंबडा केव्हाच पायी निसटला होता. टेस दहा पावलं सरकली, पुन्हा थिजली. पुन्हा तेच. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी चर संपला, आणि मोठा फडफडाट करत तो ओरडत उठला.

ओपांच्या मित्रांनी बार टाकला. पक्षी पडला, पण मेला नाही. पंख मोडला होता, पाय शाबूत होते. तो उतरला तसा पळाला आणि चरापलीकडच्या ब्लॅकबेरीच्या जाळीत गेला.

यानंतरचा अर्धा तास आम्ही विसरणार नाही. चरावर बर्फाचा पातळ पापुद्रा होता. टेस काठावर थरथरत उभी, पलीकडे जायला आसुसलेली. ओपांनी शिटी मारून तिला मागे बोलावलं. पातळ बर्फावरून कुत्रं आत गेलं तर वरती येता येत नाही. लेक रडवेली झाली, "पण तो तिकडे दुखत असेल ना!" ओपा फक्त "हो" म्हणाले, आणि दुखऱ्या गुडघ्यानं लांबच्या साकवाकडे जमेल तेवढ्या भराभर चालू लागले. सूर्य कलत होता. पलीकडे एका वाहत्या ओहोळात टेस पोटापर्यंत भिजली, पण तिनं माग सोडला नाही. तीनदा चुकली, तीनदा मागे येऊन पुन्हा सुरुवात केली. शेवटी ती जाळीत घुसली आणि कोंबडा तोंडात घेऊन बाहेर आली. जिवंत. एका पिसाला दात लागला नव्हता. ओपांनी तो हातात घेतला आणि क्षणात संपवला. लेकीनं मान फिरवली नाही.

"आणखी एक तर सहज मिळेल," मित्र म्हणाले. ओपांनी बंदूक उघडून काडतुसं काढली. परतताना ते लेकीला म्हणाले, "बंदूक चालवणारे पुष्कळ मिळतात. कुत्रा नसेल तर जानेवारीत बार टाकूच नये. असे पक्षी जाळीत पडून राहतात, रात्रभर." शिकार योग्य की अयोग्य, यावर आम्ही इथे निकाल देणार नाही. पण तो पक्षी शोधल्याशिवाय घरी जायचं नाही, हे त्या माणसाला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी टेसची शेपूट पुसायच्या फडक्यासारखी लोंबत होती. आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, गार पाण्यात भिजून श्रम झाले की शिकारी कुत्र्यांना असं होतं. आराम, ऊब आणि थोडं वेदनाशामक. आईंनी स्वतःची जुनी शाल काढून दिली. चार दिवसांत शेपूट वर आली.

कोंबडा ओपांनी आम्हालाच दिला. थंड पडवीत काही दिवस टांगून मग सोलला. इथे तो आंबवलेल्या कोबीबरोबर शिजवतात. आम्ही कांदा-खोबऱ्याचं वाटण लावून मंद आचेवर रस्सा केला. या मांसाला चरबी नाही, आच वाढवली तर सालपट होतं. आणि जपून खावं, पोलादी छर्रा दाताला लागला तर दातच जातो. आईंनी त्या दिवशी वेगळ्या भांड्यात मुगाची खिचडी केली, आणि लेकीला जेवताना "किती वेळा चुकली म्हणालीस कुत्री?" असं दोनदा विचारलं.

आता ओपांचा गुडघा शस्त्रक्रियेला टेकला आहे. पुढच्या हंगामात टेसला रानात धरायला कोणीतरी हवं. बंदुकीशी संबंध नाही, नुसती कुत्री. त्यासाठी इथल्या शिकारी संघटनेची कुत्र्यांची परीक्षा असते: सी, मग बी, मग ए. 'सी'मध्ये आज्ञापालन आणि सोपी वस्तू शोधून आणणं. ओपांच्या मते टेस झोपेतही पास होईल, प्रश्न लेकीचा आहे. वसंतात वर्ग सुरू होतात. आई आता सांगलीला परतल्या आहेत आणि दर रविवारी फोनवर कुत्रीची शेपूट कशी आहे ते विचारतात. वर्गाचा फॉर्म आमच्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलेला आहे. लेकीनं तो भरून ठेवला आहे. पालकांची सही तेवढी व्हायची आहे.