अळीच्या चरबीचं डिझेल

ब्लॅक सोल्जर फ्लाय ही काळी, लांबट माशी घरमाशीसारखी ताटाभोवती घोंघावत नाही. प्रौढ झाल्यावर ती जवळजवळ काही खातच नाही. पाणी पिते, जोडीदार शोधते, अंडी घालते आणि आठवड्या-दोन आठवड्यांत मरते. या सगळ्याला लागणारी शक्ती तिने अळी असतानाच चरबीच्या रूपात साठवलेली असते. म्हणूनच तिची अळी इतकी अधाशी असते आणि पूर्ण वाढलेली अळी वाळवली, तर वजनाच्या साधारण एक तृतीयांश चरबी मिळते. कुजणाऱ्या कचऱ्यात पिष्ट, साखर, प्रथिनं विखुरलेली असतात. त्यातून थेट तेल काढता येत नाही. अळी ते खाऊन त्याची चरबी करते आणि ती एका जागी आणून ठेवते. या इंधनाची सगळी मदार एवढ्यावरच आहे. पुढचं रसायन करंजाच्या किंवा मोगली एरंडाच्या तेलावर होतं तेच.

अळ्या वाढवण्याची घडी नीट बसवली ती इंडोनेशियातल्या सिदोआर्जो इथे. स्वित्झर्लंडच्या एआवाग या संशोधन संस्थेने तिथे शहरी ओल्या कचऱ्यावर काम केलं आणि २०१७ मध्ये त्या पद्धतीची पुस्तिका काढली. मादी काहीशे अंडी घालते, पण कचऱ्यात नव्हे, तर कचऱ्याजवळच्या कोरड्या फटीत. तिची ही सवय ओळखून जाळीच्या पिंजऱ्यात वास सुटलेलं भांडं ठेवतात आणि त्यावर बारीक फटी ठेवून लाकडी पट्ट्या रचतात. अंडी चारेक दिवसांत फुटतात. पिल्लांना पहिले पाच दिवस कोंबडीच्या खाद्यावर पोसतात. मग ६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका ट्रेमध्ये सुमारे १०,००० अळ्या सोडून त्यांना १२ दिवसांत १५ किलो कचरा देतात. तोही एकदम नाही, तीन हप्त्यांत. कारण थर जाड झाला की तळाला हवा पोचत नाही आणि तिथे नुसती कुजकट घाण उरते. अळीला चावता येत नाही, म्हणून कचरा आधी बारीक करून घ्यावा लागतो. फार पातळ झाला तर शेवटी अळी आणि उरलेला चोथा चाळणीने वेगळे होत नाहीत.

अळी काढण्याची वेळ महत्त्वाची. कोषात जायच्या बेतात आली की ती गडद होते, खाणं सोडते आणि कोरडी जागा शोधत ट्रेच्या काठावर चढू लागते. तोवर कातडी कठीण झालेली असते आणि पुढे कोषात साठवलेली चरबी खर्च होत जाते. म्हणून ती फिकट असतानाच चाळून काढणं बरं.

यानंतरची पायरी किरकोळ वाटते, पण तिच्यावर बरंच काही अवलंबून असतं. अळ्या लगेच उकळत्या पाण्यात घालून मारतात. शीतपेटीत सावकाश मरू दिल्या, तर त्यांच्या अंगातली विकरं चरबी फोडतात आणि मुक्त मेदाम्लं वाढतात. त्याचा त्रास पुढे रसायनात होतो. मग अळ्या वाळवायच्या आणि कोमट असतानाच एक्सपेलरमध्ये दाबून चरबी काढायची; मागे उरते ती पेंड. या चरबीत लॉरिक आम्ल भरपूर असतं, खोबरेल तेलात असतं तेच, त्यामुळे थंडीत तीही तशीच थिजते. अळीच्या खाण्यात हे आम्ल फारसं नसलं, तरी पिष्ट आणि साखरेपासून ती ते स्वतः तयार करते. ही गोष्ट मला फार विलक्षण वाटते.

चरबीचं डिझेल दोन टप्प्यांत होतं. मुक्त मेदाम्लं असलेल्या चरबीत थेट कॉस्टिक घातलं, तर साबण तयार होतो आणि सगळंच फेसाळून बसतं. म्हणून आधी थोडं गंधकाम्ल आणि मिथेनॉल घालून त्या आम्लांचं एस्टर करून घेतात. नंतर कॉस्टिक मिसळलेल्या मिथेनॉलसोबत उरलेली चरबी ६० अंशांच्या आसपास तासभर ढवळतात. दहा किलो चरबीला मिथेनॉल अडीच किलोच्या आसपास घालतात. त्यातलं साधारण निम्मं क्रियेत खपतं. उरलेलं ऊर्ध्वपातनाने परत मिळवायचं. मिथेनॉल विषारी आहे आणि त्याची वाफ भडका घेते, म्हणून हा घरी करून बघण्याचा प्रयोग नाही. मिश्रण स्थिर ठेवलं की तळाला ग्लिसरीन बसतं. वरचा थर कोमट पाण्याने धुऊन, पाणी पूर्ण काढून टाकलं की बायोडिझेल हाती येतं. त्यात संपृक्त एस्टर जास्त असल्याने साठवणुकीत ते सहज खवट होत नाही.

आता हिशेब. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वुहानच्या हुआझोंग कृषी विद्यापीठातल्या संशोधकांच्या प्रयोगात १,२०० अळ्यांना सुमारे १,२४९ ग्रॅम ताजं शेण दिलं होतं. २१ दिवसांनी ७०.८ ग्रॅम वाळलेल्या अळ्या मिळाल्या आणि त्यांतून १५.८ ग्रॅम बायोडिझेल निघालं. शहरी ओल्या कचऱ्यावर, टनामागे २०० किलो ताज्या अळ्या धरल्या, तर इंधन वीस लिटरच्या आसपास येईल. केवळ इंधनासाठी हा खटाटोप परवडणार नाही. एकीकडे कचरा मुरतो, पेंड आणि चोथ्याचं खत मिळतं, त्यासोबत डिझेलही येतं, असंच त्याकडे पाहायला हवं.

पण अळीची चरबी आणि पेंड पशुखाद्यात जास्त भाव मिळवतात. युरोपीय संघाने २०१७ पासून मत्स्यपालनात कीटकांची प्रथिनं वापरायला परवानगी दिली, तेव्हापासून हा ओढा वाढला. मात्र तिथल्या नियमानुसार खाद्यासाठी पाळलेल्या अळ्यांना शेण किंवा उपाहारगृहांतलं उष्टं घालता येत नाही. माझ्या मते अळीच्या डिझेलची खरी जागा इथेच आहे: गोठ्यांच्या आणि कुक्कुटपालनाच्या विष्ठेवर, जिथल्या अळ्या खाद्यात वापरायला मनाई आहे. तिथेही अळ्या वाळवायला लागणारं जळण हा मोठा खर्च उरतो, कारण ताज्या अळीत दोन तृतीयांश पाणीच असतं. न वाळवता ओल्या अळीतूनच चरबी काढण्याचे प्रयत्न त्यासाठीच चालू आहेत.