मोटारीची पुढची काच आणि अर्ध्या अंशाची चूक

गेल्या पावसाळ्यापूर्वीची गोष्ट. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकच्या चाकाखालून उडालेला एक खडा आमच्या मोटारीच्या पुढच्या काचेवर बसला. तडा हातभर वाढला आणि काच बदलणे भाग पडले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी मिळाली. काच स्वच्छ होती, पाणी मारून पाहिले तर कुठे गळत नव्हते. पण चार दिवसांनी पुन्हा त्याच मार्गावर गेलो, तेव्हा गाडी विचित्र वागू लागली. मी आपल्या पट्ट्याच्या अगदी मधून चाललेलो असताना ती इशाऱ्याची घंटी वाजवी आणि स्टीअरिंग हलकेच डावीकडे ओढी. माझ्या शेजारी मुलगी बसली होती. ती म्हणाली, “बाबा, हिला तिरके दिसतेय.”

तिचे निदान अचूक होते. मात्र काच बसवणाऱ्या कारागिराला फोन केला तेव्हा त्याने विचारले, “समोर कुठला दिवा लागलाय का?” दिवा लागला नव्हता. “मग सगळे ठीक आहे, साहेब.” या उत्तरात जी चूक आहे ती आपण विज्ञानशिक्षकांनी नीट समजून घेण्यासारखी आहे, म्हणून हा लेख.

अलीकडच्या बऱ्याच मोटारींत आतल्या आरशाच्या मागे, पुढच्या काचेला लागून, एक छोटा कॅमेरा असतो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे, पुढची वाहने, माणसे, वेगमर्यादेचे फलक हे सारे तो पाहतो. चालकाचे लक्ष चुकले तर इशारा देणे, गाडी पट्ट्याबाहेर जाऊ लागली तर स्टीअरिंगला किंचित वळण देणे, टक्कर होणारच असे दिसले तर आपोआप ब्रेक लावणे ही कामे त्याच्या माहितीवरून होतात. काही गाड्यांत जोडीला रडारही असते. युरोपीय संघात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या मोटारीत आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा सक्तीची आहे. आपल्याकडे तशी सक्ती सर्व मोटारींना नाही, पण २०२०-२१ पासून मध्यम किमतीच्या गाड्यांतही हे कॅमेरे येऊ लागले आहेत.

हा कॅमेरा बसतो कशावर? बहुतेक गाड्यांत काचेच्या आतल्या बाजूला चिकटवलेल्या एका बैठकीवर. म्हणजे काच बदलली की कॅमेऱ्याच्या पायाखालची जमीनच बदलते. कॅमेरा तोच, बैठकीत अडकवण्याची पद्धतही तीच. तरीही तो पूर्वी ज्या दिशेला पाहत होता नेमक्या त्याच दिशेला आता पाहील याची खात्री देता येत नाही.

थोडे गणित करून पाहू. बैठक साधारण १० सेंटीमीटर लांबीची आहे असे धरा. तिच्या एका टोकाखाली गोंदाचा थर १ मिलिमीटर जास्त आला, तर कॅमेरा १/१०० रेडियन, म्हणजे सुमारे ०.५७ अंशाने कलतो. काच ज्या चौकटीत बसवतात तिथेही कडेने चिकट रबरी लगद्याची एक जाड वळी दिलेली असते. ८० सेंटीमीटर उंचीच्या काचेखाली ही वळी खालच्या कडेला २ मिलिमीटर जाड राहिली, तर आख्खी काच आणि तिच्यासोबत कॅमेराही ०.१४ अंशाने कलतो. हे आकडे डोळ्यांना दिसणारे नाहीत. कारागीर कितीही कुशल असला तरी हाताने बसवलेल्या काचेत एवढा फरक पडणारच.

अर्ध्या अंशाने काय बिघडते, असा प्रश्न वर्गात हमखास येईल. कोनमापकावर अर्धा अंश म्हणजे दोन रेघांच्या मधली जागा. पण कोनाची चूक अंतरासोबत वाढत जाते. एक अंशाच्या चुकीमुळे १०० मीटरवर १.७५ मीटरचा फरक पडतो. आपल्याकडे महामार्गाचा एक पट्टा ३.५ मीटर रुंद असतो, म्हणजे हा फरक बरोबर अर्ध्या पट्ट्याचा झाला. शेजारच्या पट्ट्यातला ट्रक आपल्याच पुढे आहे असे गाडीला वाटू शकते. याच्या उलटही होऊ शकते.

ही झाली डावी-उजवीकडची चूक. वर-खालची चूक अधिक घातक असते. एकच कॅमेरा अंतर कसे मोजतो हे पाहिले की त्याचे कारण लक्षात येते. एक डोळा मिटून अंतराचा अंदाज घ्यायचा तर आपण काय करतो? वस्तू जमिनीला कुठे टेकली आहे ते पाहतो. क्षितिजाच्या जवळ टेकलेली वस्तू दूरची, क्षितिजाच्या बरीच खाली टेकलेली ती जवळची. कॅमेऱ्याची एक पद्धत नेमकी हीच आहे. तो जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर असेल, तर ५० मीटरवरच्या मोटारीचे मागचे चाक जमिनीला टेकते तो बिंदू त्याला क्षितिजाच्या १.४९ अंश खाली दिसतो. आता कॅमेरा अर्धा अंश खाली झुकला आहे आणि संगणकाला ते माहीत नाही असे समजा. चित्रात तो बिंदू वर सरकेल, संगणक त्याला क्षितिजाच्या ०.९९ अंश खाली मानेल आणि उत्तर काढील ७५ मीटर! कॅमेरा तितकाच वर झाला असेल तर उत्तर येईल ३७ मीटर. ताशी ९० किलोमीटर वेगाने ५० मीटर अंतर दोन सेकंदांत कापले जाते. पुढची गाडी ७५ मीटरवर आहे असे मानणारी यंत्रणा ब्रेक लावायला उशीर करील. ३७ मीटर मानणारी यंत्रणा कारण नसताना ब्रेक लावील, आणि मग मागून येणाऱ्याची पंचाईत.

प्रत्यक्षात संगणक या एकाच पद्धतीवर विसंबत नाही. चित्रातील मोटारीची रुंदी आणि असल्यास रडारचे मापन यांचाही मेळ घातला जातो. पण यातल्या एका साक्षीदाराची साक्ष कायमची वाकडी असेल तर निवाडा कच्चा होणार, हे उघड आहे.

हे विद्यार्थ्यांना मैदानावर दाखवता येते. ३० सेंटीमीटर लांबीची पुठ्ठ्याची नळी घ्या. एका टोकाला कागद लावून मध्यावर टाचणीने भोक पाडा, दुसऱ्या टोकाला दोन दोरे फुलीसारखे चिकटवा. टेबलावर वह्यांचे गठ्ठे रचून नळी जमिनीपासून १ मीटर उंचीवर ठेवा. समोर १० मीटरवर फक्कीने एक रेघ मारा आणि नळी अशी झुकवा की फुली त्या रेघेवर येईल. आता नळी न हलवता तिच्या पुढच्या टोकाखाली २ मिलिमीटर जाडीचा पुठ्ठा सरकवा. फुली आता १०.७ मीटरवर गेलेली आढळेल. मग पुठ्ठा काढून हाच प्रयोग २० मीटरच्या रेघेवर करा. या वेळी फुली २३ मीटरच्याही पुढे जाईल. अंतर दुप्पट, पण चूक ०.७ वरून ३.१ मीटर, म्हणजे चौपटीहून अधिक. चूक साधारणतः अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात का वाढते, हे दहावीच्या विद्यार्थ्यांना समरूप त्रिकोणांवरून शोधून काढू द्या. उत्तर लगेच सांगू नका.

आता काचेकडे वळू, कारण ती निव्वळ बैठकीचा आधार नाही. कॅमेरा तिच्यातूनच पाहतो. मोटारीची पुढची काच दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा घालून केलेली असते. (फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांच्या हातून १९०३ मध्ये एक चंबू पडला. तो फुटला पण विखुरला नाही, कारण आत सेल्युलोज नायट्रेटचा थर वाळलेला होता. त्यावरून ही कल्पना सुचली, अशी हकीगत सांगतात.) आज मधला पडदा पॉलिव्हिनाइल ब्युटिरालचा असतो, आणि सगळी मिळून जाडी ५ मिलिमीटरच्या आसपास भरते.

समांतर पृष्ठांच्या काचेतून जाणारा किरण बाजूला सरकतो पण वळत नाही, हे आपण पाठ्यपुस्तकात शिकवतो. काच बरीच आडवी असते, आडवा किरण तिच्यावर सुमारे ६० अंशांच्या आपाती कोनाने पडतो. तरी ५ मिलिमीटर जाडीमुळे तो फार तर अडीच मिलिमीटर सरकेल. दूरच्या ट्रकच्या बाबतीत अडीच मिलिमीटर म्हणजे काहीच नव्हे. मग काचेने बिघडते कुठे? बिघडते ते पृष्ठे समांतर नसतात तेव्हा. जाडी १० सेंटीमीटर अंतरात ०.१ मिलिमीटरने बदलली तर त्या जागी काच एक अतिशय निमुळता लोलक होते, आणि लोलक किरण वळवतो. अशा पातळ लोलकातून किरण सरळ गेला तर विचलन लोलककोनाच्या निम्मे असते. ६० अंशांच्या तिरप्या काचेतून मात्र ते लोलककोनाच्या जवळजवळ दीडपट होते. अपवर्तनांक १.५ धरून हे गणित अकरावी-बारावीचे विद्यार्थी करू शकतील. आपल्या उदाहरणात विचलन ०.०८ अंश येते, आणि ते वर-खालच्या दिशेने असेल तर ५० मीटरमागे सुमारे ३ मीटरची चूक. बैठकीच्या चुकीपुढे हे लहान आहे, पण ते तिच्यात मिळवले जाते.

काही मोटारींत वेगाचा आकडा काचेवर उमटलेला दिसतो. तिथे काचेच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठांवरून होणाऱ्या दोन प्रतिमा एकावर एक बसाव्यात म्हणून मधला पडदा मुद्दाम पाचरीसारखा निमुळता केलेला असतो. तिथे दिसायला तशीच पण साधी काच बसवली तर काय होईल, हे आता वाचकच सांगू शकतील.

तेव्हा काच बदलल्यावर कॅमेऱ्याला त्याची नवी दिशा शिकवावी लागते. याला कॅलिब्रेशन, म्हणजे अंशशोधन म्हणतात. कॅमेरा पेचकसाने हलवून सरळ करणे असा याचा अर्थ नव्हे. व्हर्निअर कॅलिपरची शून्य त्रुटी आपण कानस घेऊन काढून टाकत नाही. ती मोजतो, टिपून ठेवतो आणि प्रत्येक वाचनातून वजा करतो. इथेही कॅमेरा जसा बसला आहे तसाच राहतो. तो किती वाकडा आहे एवढे संगणक टिपून ठेवतो.

याच्या दोन रीती आहेत. गाडी कोणती यावर रीत ठरते, काहींना दोन्ही लागतात. पहिलीत गाडी उभी असते आणि समोर ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या उंचीवर विशिष्ट नक्षीचा फलक ठेवतात. नक्षी चित्रात कुठे यायला हवी हे गणिताने माहीत असते, ती कुठे आली हे कॅमेरा दाखवतो, दोहोंतला फरक म्हणजे त्रुटी. दुसरीत गाडी चांगले पट्टे असलेल्या रस्त्यावर ठरावीक वेगाने चालवतात. रेल्वेचे रूळ दूरवर एका बिंदूत मिळाल्यासारखे दिसतात तसेच रस्त्याचे पट्टेही दिसतात. गाडी सरळ चालली असताना तो बिंदू चित्रात जिथे येतो, ती गाडीची खरी पुढची दिशा. ही रीत स्वस्त आणि सोपी खरी, पण पुसटलेल्या पट्ट्यांच्या रस्त्यावर तिचा उपयोग नाही, आणि आपल्याकडे असे रस्ते शोधायला दूर जावे लागत नाही.

आता त्या न लागलेल्या दिव्याविषयी. कॅमेऱ्याची तार सुटली, त्याच्यापुढे चिखल आला, तर संगणकाला कळते आणि दिवा लागतो. काही यंत्रणांना मोठा वाकडेपणाही ओळखता येतो, आणि अगदी लहान त्रुटी त्या चालता चालता दुरुस्तही करतात. पण या दोन टोकांच्या मध्ये एक प्रदेश असा आहे की जिथे कॅमेरा उत्तम चालतो, चित्र स्वच्छ येते, गणित बिनचूक होते आणि उत्तर चुकते. झिजलेल्या वजनाचा तराजू स्वतः कधी तक्रार करीत नाही. त्याला प्रमाणित वजनाशीच ताडून पाहावे लागते.

माझ्या गाडीचे गणित असे होते. कॅमेरा ०.६ अंश उजवीकडे वळलेला असला तर रस्ता त्याला डावीकडे गेलेला दिसतो, म्हणजे गाडीच उजवीकडे तिरपी चालली आहे असे संगणक मानतो. ताशी ९० किलोमीटरला हे काल्पनिक सरकणे सेकंदाला २६ सेंटीमीटर भरते. १.८ मीटर रुंदीची गाडी पट्ट्याच्या मधोमध असली तर रेघेपर्यंत ८५ सेंटीमीटर जागा उरते, आणि ती सव्वातीन सेकंदांत संपेल असा हिशेब होतो. त्यावर यंत्रणा डावीकडे ओढणार नाही तर काय करील? ती आपले काम चोख करीत होती.

दुसऱ्या एका कार्यशाळेत फलक असल्याचे कळले, तिथे गेलो. तंत्रज्ञाने आधी डिकीतली पुस्तकांची दोन खोकी उतरवायला लावली, कारण मागे ओझे असले की गाडीचे नाक वर होते. चारही चाकांत हवा सारखी केली. फरशीचा उतार पाणसळीने तपासला. मग गाडीच्या पुढच्या आणि मागच्या बोधचिन्हांच्या मध्यावरून ओळंबे सोडले, त्यांची टोके जमिनीवर खडूने टिपली आणि त्या दोन खुणांतून दोरा ताणून फलक त्याच्याशी काटकोनात उभा केला. लेसरचे साधन शेजारी होतेच, पण दोऱ्यावर त्याचा जास्त भरवसा दिसला. फलक मांडायला पाऊण तास लागला, संगणकाला चार मिनिटेही लागली नाहीत. मी छापील पावती मागून घेतली. तीवर त्रुटी लिहिली होती: उजवीकडे ०.६ अंश, खाली ०.२ अंश.

उजवीकडची त्रुटी घंटी वाजवून आम्हाला कळली होती. खालची ०.२ अंशाची चूक मात्र ५० मीटरवरची गाडी ५८ मीटरवर दाखवत होती, आणि तिने चार दिवसांत एकदाही आवाज केला नव्हता.