गरज ओळखून दिलेली भेट

नाताळच्या दिवसांत लोणावळ्याहून चिक्की भेटीदाखल नेण्याचा रिवाज गोड आहे खरा; परंतु ख्रिस्ती धर्मग्रंथांतील दानविचार प्रथम घेणाऱ्याच्या गरजेकडे पाहतो. भुकेल्या, उघड्या बांधवाला केवळ शुभेच्छा देऊन वाटेला लावणाऱ्याची श्रद्धा याकोबाच्या पत्राने निर्जीव ठरविली आहे. आणि यापो नगरातील शिष्या टबीथा वारली, तेव्हा रडणाऱ्या विधवांनी प्रेषित पेत्रापुढे जे मांडले, ते तिने स्वहस्ते शिवलेले अंगरखे होते.

१८८३ साली बाप्तिस्मा घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी आपल्या पुणे जिल्ह्यातच, केडगावच्या मुक्तिसदनात दुष्काळग्रस्त स्त्रियांना अन्नवस्त्र तर दिलेच, परंतु विणकाम, छपाई व शेतीकाम शिकवून स्वतःच्या पायांवर उभे राहण्याचे सामर्थ्यही दिले. भेटवस्तूंत याहून श्रेष्ठ वस्तू मला तरी ठाऊक नाही.

मावळात आषाढाच्या मुसळधार पावसात दिवसभर वाकून भातलावणी करणाऱ्या बाईला शोभेच्या वस्तूपेक्षा चांगली घोंगडी, आणि गळक्या घराला मजबूत ताडपत्री अधिक मोलाची. मात्र ही भेट मृगापूर्वी पोहोचावी, काय हवे ते अदबीने आधी विचारलेले असावे, आणि येशूच्या शिकवणुकीप्रमाणे देण्याचा गाजावाजा मुळीच नसावा. छायाचित्रांसाठी रांगेत उभे केलेल्या माणसाचा संकोच कोणत्याही ताडपत्रीने झाकला जात नाही.